बाटली नंबर ५३-एन

आमच्या चिंचवडच्या फ्लॅटवर एक शब्द आहे, जो दोघी रूममेट दिवसातून दहा वेळा उच्चारतो आणि दोघींसाठी त्याचा अर्थ वेगळा असतो. तो शब्द म्हणजे मीडिया. मी मास कम्युनिकेशनवाली. माझ्यासाठी मीडिया म्हणजे पेपर, चॅनल, रील्स आणि डेडलाइन. ती एमएस्सी मायक्रोबायोलॉजीवाली. तिच्यासाठी मीडिया म्हणजे जंतूंचं जेवण. सुरुवातीला ती फोनवर कोणाला तरी सांगत होती की आज मीडिया जास्त शिजला, फेकून द्यावा लागला. मला वाटलं, काय ही पोरगी!

नंतर तिनेच समजावलं. टेस्ट ट्यूबमध्ये पेप्टोनचं पाणी घ्यायचं, त्यात एक टक्का साखर घालायची. एका ट्यूबमध्ये ग्लुकोज, दुसऱ्यात लॅक्टोज, तिसऱ्यात सुक्रोज. त्यात फिनॉल रेड नावाचा रंग घालायचा. आत एक छोटीशी नळी उलटी बुडवून ठेवायची. मग जंतू सोडायचा आणि ३७ अंशाला रात्रभर ठेवायचं. जंतूने साखर आंबवली तर ॲसिड तयार होतं आणि लाल ट्यूब पिवळी पडते. गॅस सोडला तर तो उलट्या नळीत बुडबुडा होऊन अडकतो. म्हणजे जंतूला कोणती साखर पचते, कोणती नाही, यावरून तो कोण आहे याचा अंदाज बांधायचा. आपल्या मेसमध्ये कोण काय खातं यावरून कोण कुठल्या गावचं ते ओळखतो ना, तसंच. आणि मीडिया जास्त शिजवायचा नाही, कारण जास्त उष्णतेत साखरच मोडते आणि मग टेस्ट खोटी येते. तिने त्या दिवशी फेकला तो म्हणूनच.

चाकणला एका कंपनीत तिने इंटर्नशिप केली, तिथेही हेच. कँटीनचं पाणी पिण्यालायक आहे का, हे बघायला लॅक्टोज घातलेला मॅकॉन्की ब्रॉथ आणि तीच उलटी नळी. आतड्यातला ई. कोलाय लॅक्टोज आंबवतो आणि गॅस सोडतो. बुडबुडा दिसला की पाण्यावर शंका घ्यायची आणि पुढच्या टेस्ट लावायच्या.

हे सगळं ऐकताना मी विचारलं की कॉलरा आणि प्लेगचे जंतू यात कसे दिसतात. कॉलऱ्याचा जंतू सुक्रोज, म्हणजे आपली चहातली साखर, आंबवतो. टीसीबीएस नावाच्या मीडियावर त्याच्या पिवळ्या वसाहती उठतात. प्लेगच्या जंतूला सुक्रोजही जमत नाही आणि लॅक्टोजही. ग्लुकोज तेवढं आंबवतो, तेही गॅस न सोडता. दोन महाभयंकर रोग, आणि त्यांच्यातला एक फरक चमचाभर साखरेत दिसतो. मला हे फार भारी वाटलं. आणि या दोन्ही जंतूंना आयुष्यभर जेवू घालणारा एक माणूस होता, ज्याचं नाव मुंबईत परळला रोज हजारो लोक बसच्या खिडकीतून वाचतात. वाल्डेमार हाफकिन.

हाफकिन यांचा जन्म १८६० सालचा, ओडेसाचा. तेव्हा ते रशियन साम्राज्यात होतं, आता युक्रेनमध्ये. घर ज्यू. ओडेसाच्या विद्यापीठात त्यांना शिकवायला होते एली मेचनिकॉफ, ज्यांना पुढे नोबेल मिळालं. त्या काळात रशियात ज्यूंच्या वस्त्यांवर हल्ले व्हायचे. ओडेसात ज्यू तरुणांनी स्वसंरक्षणासाठी गट उभा केला, त्यात हाफकिन होते. मारामारीत जखमी झाले, अटकही झाली. मेचनिकॉफ मध्ये पडले म्हणून सुटले. पुढे विद्यापीठात प्राध्यापक व्हायचं तर धर्म बदलून ख्रिस्ती व्हावं लागेल, अशी अट आली. त्यांनी नाही म्हटलं आणि करिअरवर पाणी सोडलं. आपल्या वयाच्या आसपासच होते तेव्हा.

१८८८ मध्ये ते जिनिव्हाला गेले, तिथून वर्षभरात पॅरिसला. पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये मेचनिकॉफ आधीच पोचले होते. पण तिथे जागा एकच रिकामी होती, ग्रंथालयात. जगातल्या सगळ्यात हॉट लॅबमध्ये हा माणूस दिवसा पुस्तकं लावायचा आणि उरलेल्या वेळात जंतू वाढवायचा. आवड म्हणाल तर व्हायोलिन. इंटर्नशिपला लागून पहिले दोन महिने मी फक्त जुन्या अंकांचे गठ्ठे लावले, त्यामुळे या भागाबद्दल मला जरा जास्तच आपुलकी आहे.

कॉलऱ्याची लस त्यांनी तिथेच बनवली. १८ जुलै १८९२ ला पहिला डोस स्वतःला टोचला. सहा दिवसांनी दुसरा, जास्त जहाल. ताप आला, दुखलं, आणि बरे झाले. आता हे खऱ्या साथीत वापरायचं कुठे? पॅरिसमध्ये ब्रिटनचे राजदूत होते लॉर्ड डफरिन, जे आधी भारताचे व्हाइसरॉय होते. त्यांनी सुचवलं, भारतात जा. १८९३ मध्ये हाफकिन कलकत्त्याला उतरले.

पुढची दोन-अडीच वर्षं म्हणजे नुसती पायपीट. आग्रा, पंजाब, आसामचे चहामळे, कलकत्त्याच्या झोपडपट्ट्या. गोरा माणूस सुई घेऊन वस्तीत शिरतोय म्हटल्यावर लोक संशयाने बघणारच. त्यांच्या बरोबर चौधरी, घोष, चॅटर्जी, दत्त हे बंगाली डॉक्टर होते. आधी स्वतःला टोचून दाखवायचं, मग लोकांना विचारायचं. ज्याला हवी त्यालाच लस. जवळजवळ ४२ हजार लोकांना टोचून झाल्यावर मलेरियाने त्यांनाच आडवं केलं आणि ते युरोपला परतले. बरे होऊन परत आले आणि थेट प्लेगच्या तोंडात सापडले.

सप्टेंबर १८९६. मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस या मूळच्या गोव्याच्या डॉक्टरांनी एक रुग्ण तपासला आणि हा प्लेग आहे, हे ओळखलं. शहर रिकामं व्हायला लागलं. ऑक्टोबरमध्ये सरकारने हाफकिनना बोलावलं आणि ग्रँट मेडिकल कॉलेजमध्ये जागा दिली. जागा म्हणजे एक खोली आणि एक व्हरांडा. माणसं म्हणजे एक कारकून आणि तीन शिपाई. रात्रंदिवस कामाच्या त्या तीन महिन्यांत एका सहायकाचं मानसिक संतुलन बिघडलं आणि दोघे सोडून गेले.

प्लेगचा जंतू दोनच वर्षांपूर्वी हाँगकाँगमध्ये सापडला होता. हाफकिन यांच्यापुढचा प्रश्न माझ्या रूममेटच्या प्रश्नाच्या बरोबर उलटा होता. ती विचारते, हा काय खातो? म्हणजे मग हा कोण, ते कळेल. हाफकिन यांना तो कोण हे माहीत होतं. त्यांना विचारायचं होतं की याला काय खाऊ घातलं तर हा भरपूर वाढेल. (ती उलटी नळी तर अजून निघायचीच होती. हर्बर्ट डरहॅम यांनी ती १८९८ मध्ये मांडली, आणि मॅकॉन्की यांचा लॅक्टोजवर ओळखपरेड घेणारा प्रसिद्ध लेख १९०५ चा.)

युरोपात जंतूंसाठी सूप बनायचं ते बीफचं. इथे ज्या माणसाच्या अंगात ते टोचायचं तो हिंदू असणार, मुसलमान असणार. बीफ चालणार नाही, डुकराचं मांस चालणार नाही. म्हणून बोकडाचं मांस ॲसिडने पचवून त्याचा ब्रॉथ केला. आणि वर काय घातलं असेल? साजूक तूप! तुपाचे थेंब ब्रॉथवर तरंगायचे, प्लेगचे जंतू त्या थेंबांना खालून चिकटायचे आणि लोंबत लोंबत खाली वाढायचे, गुहेच्या छतावरून दगडी सुळके लोंबतात तसे. दुसरे जंतू असे वाढत नाहीत, त्यामुळे बाटलीत नक्की प्लेगच आहे ना, याची खातरजमाही तिथल्या तिथे व्हायची. मग बाटली हलवायची, सुळके तळाला पडायचे, थेंबांखाली नवे वाढायचे. चार-सहा आठवडे असं चालायचं. शेवटी तासभर गरम करून सगळे जंतू मारायचे आणि पुन्हा काही वाढू नये म्हणून थोडं कार्बोलिक ॲसिड घालायचं. झाली लस. वरणभातावरच्या तुपाकडे मी आता वेगळ्या नजरेने बघते, एवढंच सांगते.

१० जानेवारी १८९७ ला त्यांनी ती स्वतःला टोचून घेतली, आणि डोस नेहमीपेक्षा मोठा. सडकून ताप आला, पण उतरला. त्याच महिन्याच्या शेवटी भायखळ्याच्या तुरुंगात साथ शिरली. तयार झालेल्या कैद्यांना टोचलं, बाकीच्यांना नाही. न टोचलेल्यांत १२ जणांना प्लेग झाला, त्यातले ६ गेले. टोचलेल्यांत दोघांना झाला, दोघंही वाचले. पुढच्या वर्षी बडोद्याजवळ उंढेरा गावात त्यांनी याहून काटेकोर प्रयोग केला. प्रत्येक घरातल्या निम्म्या लोकांना टोचलं, निम्म्यांना नाही, म्हणजे घर तेच, उंदीर तेच, जेवण तेच आणि फरक फक्त सुईचा. न टोचलेल्यांत मृत्यू कितीतरी जास्त झाले. विज्ञान म्हणून प्रयोग चोख आहे. पण एका चुलीवर जेवणाऱ्या घरात कोणाला टोचायचं आणि कोणाला नाही, हे वाचताना पोटात गोळा येतो. आज कुठलीही कमिटी याला परवानगी देताना दहा वेळा विचार करेल.

आपल्या पिंपरी-चिंचवडकरांना १८९७ म्हटलं की वेगळंच काहीतरी आठवतं. शाळेच्या सहली, चापेकर चौक, पुतळे. पुण्यात प्लेग आला, रँड आला, सोल्जर घरात घुसू लागले, देवघरापर्यंत बुटं गेली, सामान जाळलं, माणसं छावण्यांत नेली. त्याच साथीत रुग्णांची सेवा करता करता १० मार्चला सावित्रीबाई फुले गेल्या. आणि २२ जूनच्या रात्री, व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या हीरक महोत्सवाचा सोहळा आटोपून परतताना, चिंचवडच्या दामोदर आणि बाळकृष्ण चापेकर यांनी गणेशखिंडीच्या रस्त्यावर रँड आणि आयर्स्टला गोळ्या घातल्या. तिघा भावांना फाशी झाली.

त्याच हीरक महोत्सवाच्या सन्मानयादीत हाफकिन यांना सी.आय.ई. हा किताब मिळाला होता. एकच साथ, एकच सरकार, एकच उत्सव. हे मी आधी कुठेच एकत्र वाचलं नव्हतं. शाळेत इतिहासाच्या पुस्तकात चापेकर होते आणि विज्ञानाच्या पुस्तकात लस होती, आणि मधे तास बदलायची घंटा. रँडच्या प्लेगला विरोध करणाऱ्या गल्ल्यांमधूनच हाफकिन यांच्या लसीला हात पुढे करायचा होता, आणि लोकांच्या डोळ्यांपुढे सुई आणि बंदूक दोन्ही सरकारीच होती. लोक लसीला घाबरले म्हणून त्यांना अडाणी म्हणणं मला तरी अन्यायाचं वाटतं.

तरीही मागणी वाढत गेली. तिसरे आगाखान यांनी स्वतः लोकांसमोर लस टोचून घेतली आणि लॅबसाठी आपला खुश्रू लॉज हा बंगला दिला. १८९९ मध्ये लॅब परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये गेली. एका व्हरांड्यापासून गव्हर्नरच्या जुन्या बंगल्यापर्यंत, तीन वर्षांत. हाफकिन तेव्हा चाळिशीच्या आतले.

आणि मग मुल्कोवाल.

१९०२ मध्ये पंजाबात प्लेग भडकला. तिथून प्रचंड डोसची ऑर्डर आली. तुपाच्या बाटल्या आणि सहा आठवडे, या वेगाने ती पुरी होणं शक्य नव्हतं. हाफकिन यांनी पद्धत बदलली. पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये वापरात असलेली अगरवर जंतू वाढवायची झटपट पद्धत घेतली आणि कार्बोलिक ॲसिड घालणं थांबवलं. उष्णतेने जंतू मरतात, मग ॲसिड कशाला, हा हिशेब. ३० ऑक्टोबरला मुल्कोवाल गावात पाच बाटल्यांमधून १०७ लोकांना टोचलं. आठवडाभरात त्यातल्या १९ जणांना धनुर्वात झाला. एकोणीसच्या एकोणीस मेले. आणि हे सगळे एकाच बाटलीतून टोचलेले होते, नंबर ५३-एन. बाकी चार बाटल्यांतल्या कोणालाही काही झालं नाही.

चौकशी आयोग बसला. अध्यक्ष होते मुंबईचे सरन्यायाधीश लॉरेन्स जेंकिन्स. निष्कर्ष असा की बाटली उघडण्याआधीच, म्हणजे मुंबईच्या लॅबमध्येच, तिच्यात धनुर्वाताचे जंतू गेले असणार. ॲसिड घातलं नाही, ही चूक. हाफकिन यांना कामावरून दूर केलं. ज्या लॅबला त्यांनी जन्म दिला तिचा दरवाजा बंद झाला आणि ते इंग्लंडला निघून गेले. निम्म्या जगात बातमी अशी गेली की हाफकिनच्या लसीने १९ माणसं मारली.

पण चौकशीच्या कागदांतच एक साधी गोष्ट होती. मुल्कोवालला बाटली उघडताना मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता. त्याने तो नीट निर्जंतुक न करता त्याच चिमट्याने बाटलीचं बूच काढलं. धनुर्वाताचे बीजाणू राहतात कुठे? मातीत. शिवाय बाटली भरून एक्केचाळीस दिवस झाले होते. इतके दिवस धनुर्वाताचा जंतू त्या ब्रॉथमध्ये वाढत राहिला असता तर उघडताच घाण वास यायला हवा होता. तसा वास कोणाला आला नव्हता. पुरावे लंडनच्या लिस्टर इन्स्टिट्यूटने पुन्हा तपासले. रोनाल्ड रॉस, ज्यांनी भारतातच मलेरिया आणि डास यांचं नातं शोधलं होतं, ते हाफकिन यांच्या बाजूने उभे राहिले. जुलै १९०७ मध्ये टाइम्समध्ये दहा नामवंत शास्त्रज्ञांच्या सहीचं पत्र आलं. त्यात न्यूयॉर्कचे सायमन फ्लेक्सनरही होते. त्यांचं म्हणणं एका ओळीत सांगायचं तर आरोप सिद्ध झालेला नाही, उलट खोटा ठरला आहे. नोव्हेंबर १९०७ मध्ये सरकारने हाफकिन यांना दोषमुक्त केलं. एका पडलेल्या चिमट्याची पाच वर्षं.

मी हे सगळं रूममेटला वाचून दाखवत होते तेव्हा तिच्या वहीत दुसऱ्या दिवशीच्या साखरेच्या ट्यूबची यादी लिहिलेली होती. ती काहीच बोलली नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी विचारलं, रिझल्ट काय? तर म्हणे सगळा रॅक टाकून दिला. का? तर चौथ्या ट्यूबनंतर लूप ज्योतीत लाल केली होती का नव्हती, ते तिला आठवेना. ट्यूब पिवळ्या झाल्या होत्या, हव्या तशा. तरी टाकल्या. पेप्टोन, साखर, दोन दिवस, सगळं वाया. सोमवारी परत.

दोषमुक्तीनंतर हाफकिन परत भारतात आले, पण मुंबईला नाही. परळच्या खुर्चीत आता दुसरं कोणी होतं. त्यांना कलकत्त्याला नेमलं, आणि माणसांवर चाचण्या करायची मोकळीक मिळाली नाही. ज्याचं सगळं आयुष्य वस्त्यांमध्ये सुई घेऊन फिरण्यात गेलं त्याच्यासाठी हे काय असेल, कल्पना करा. १९०७ चा कागद नोकरी परत देऊ शकला, भरवसा नाही. नियमाप्रमाणे निवृत्त झाले आणि युरोपला गेले. नंतर संशोधन जवळजवळ सुटलंच. धर्माकडे वळले, ज्यू परंपरेवर लिहिलं, आणि आयुष्यभराची पुंजी पूर्व युरोपातल्या ज्यू धर्मशाळांमध्ये शिकणाऱ्या मुलांसाठी ठेवली. लग्न केलं नव्हतं.

लस मात्र थांबली नाही. १८९७ ते १९२५ या काळात मुंबईहून प्लेगच्या लसीचे २ कोटी ६० लाख डोस बाहेर गेले. १९२५ मध्ये परळच्या लॅबला हाफकिन इन्स्टिट्यूट हे नाव दिलं. पुढे तिथले पहिले भारतीय संचालक झाले साहिबसिंग सोखी. पेनिसिलिन आपल्याकडे सरकारी कारखान्यात बनावं यासाठी आग्रह धरणाऱ्यांत ते होते. तो कारखाना १९५४ मध्ये उभा राहिला आपल्या पिंपरीत, हिंदुस्थान अँटिबायोटिक्स. आपण नुसतं एच.ए. म्हणतो आणि स्टॉपवर उतरतो. पेनिसिलिनच्या बुरशीलाही त्या काळच्या पद्धतीत लॅक्टोजच खाऊ घालत. रूममेटला हे सांगितलं तर तिला ते आधीच माहीत होतं, अर्थात.

हाफकिन शेवटची दोन वर्षं स्वित्झर्लंडमध्ये लोझान इथे राहिले. २६ ऑक्टोबर १९३० ला तिथेच गेले, सत्तरीत. १९६४ मध्ये भारतीय टपाल खात्याने त्यांच्या नावाने तिकीट काढलं.